तेरा पॉइंट पंधरा

भाची: ...आणि हे बटण दाबलंस की सगळं पुसलं जातं. त्यामुळे घाबरायचं नाही. चुकलं की पुसायचं, पुसलं की परत. कळलं?

मावशी: कळलं. म्हणजे पाटीच की ही. थुंकी लावायची नाही, एवढाच फरक.

भाची: ईईई! मावशी!

मावशी: तुझी आई लावायची. पाटी पुसायचं फडकं तिचं कायम हरवलेलं.

भाची: विषय बदलू नकोस. आत्ता तू विद्यार्थिनी आणि मी शिक्षिका. या टेबलावर माझं राज्य. मला गणिताच्या चाचणीत पंचवीसपैकी चोवीस पडलेत, माहीत आहे ना?

मावशी: माहीत नसायला तू संधी कुठे दिलीस? सकाळपासून चौथ्यांदा सांगतेयस. दूधवाल्यालाही सांगितलंस.

भाची: त्याने विचारलं म्हणून!

मावशी: त्याने विचारलं, "किती लिटर?"

भाची: जाऊ दे. आधी सोप्पं घेऊ, पूर्ण संख्या. तुझ्याच मैदानाचं गणित. आठ लेन, प्रत्येक लेन शंभर मीटर. तर पांढऱ्या फक्कीची रेघ एकूण किती मीटर मारायची? आठ, गुणिले, शंभर, बरोबर. दाब.

मावशी: नऊशे.

भाची: अगं, दाब तर आधी!

मावशी: दाबलं. हा आठशे म्हणतोय. लागते नऊशे.

भाची: कॅल्क्युलेटर कधी चुकत नाही, मावशी.

मावशी: त्याने कधी फक्कीची गाडी ढकललीय का? आठ लेन आखायला रेघा नऊ लागतात, मास्तरीणबाई. हाताची बोटं बघ. फटी चार, बोटं पाच. बावीस वर्षं मारतेय रेघा, आठवी मारून थांबले तर शेवटची पोरगी प्रेक्षकांत पळेल.

भाची: ...हं. हे आम्हाला चाचणीत नव्हतं.

मावशी: असेल. पंचविसावा मार्क तोच असेल.

भाची: मावशी, तू इतकी हुशार आहेस, मग मैदानावरच्या मॅडमना नाही का म्हणतेयस?

मावशी: अजून म्हटलेलं नाही. सहा वाजता फोन करून म्हणणार आहे.

भाची: अगं, परवा एवढ्या मोठ्या शर्यती! मॅडम स्वतः म्हणाल्या ना, "तिसरं घड्याळ तू धर"? जी बाई बावीस वर्षं वाकून रेघा मारतेय, ती शेवटच्या रेघेपाशी उंच स्टुलावर बसणार! टोपी मिळणार, बिल्ला मिळणार. मी सगळ्या वर्गाला घेऊन येणार होते!

मावशी: घड्याळ धरायला माझी ना नाही गं. माझी नजर पक्की, बोट त्याहून पक्कं. पण नुसतं धरून भागत नाही. तीन माणसं तीन घड्याळं दाबतात. तिघांच्या वेळा वेगवेगळ्या आल्या की मधली जी असेल ती खरी धरायची. आणि ती मधली शोधून चिठ्ठीवर लिहून द्यायची, हे तिसऱ्या घड्याळाचं काम. आणि त्या वेळांत असतात ते तुझे पॉइंट.

भाची: दशांश चिन्ह म्हणतात त्याला.

मावशी: मी मुंगी म्हणते. दिसते एवढीशी, चावते हत्तीला.

भाची: पण मैदानावर पॉइंट असतातच की! लेनची रुंदी किती?

मावशी: एक काठी.

भाची: काठी?

मावशी: कागदावर एक पॉइंट बावीस मीटर लिहिलंय. पहिल्या वर्षी सुतारमामांकडून तेवढी काठी कापून घेतली. तेव्हापासून काठी टेकवायची, रेघ मारायची. त्या बावीसकडे बघायची वेळच आली नाही.

भाची: चीटिंग आहे हे! बरं, मला सांग, घड्याळात बारा पॉइंट नऊच्या नंतर काय येतं?

मावशी: बारा पॉइंट दहा.

भाची: सापडली! सापडली तुझी मुंगी! आता माझं ऐक. बारा पॉइंट सात टाक. अधिक. शून्य पॉइंट एक. आता नुसतं "बरोबर"चं बटण दाबत राहा. दर वेळी तो एक दशांश पुढे सरकतो. मोठ्याने वाच.

मावशी: बारा पॉइंट आठ. बारा पॉइंट नऊ. तेरा... तेरा? दहा कुठे गेलं? खाल्लं याने.

भाची: खाल्लं नाही, ते असं नसतंच! पॉइंटच्या उजवीकडच्या पहिल्या घरात नऊच जण मावतात. दहावा आला की सगळे उठतात, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून एक होतात आणि डावीकडच्या घरात राहायला जातात. तो बाराचा झाला तेरा.

मावशी: आणि कुणी बारा पॉइंट दहा असं लिहिलेलंच असलं तर?

भाची: तर ते बारा पॉइंट एकच. शेवटचं शून्य नुसतं शोभेला. म्हणून "दहा" म्हणायचंच नाही. एकेक अंक सुटा म्हणायचा. बारा पॉइंट, एक, शून्य. पहिला अंक मोठा, तो आकडा मोठा. दुसऱ्या अंकाकडे त्यानंतर बघायचं.

मावशी: हे तेव्हा कुणी सांगितलं नाही बघ.

भाची: तेव्हा म्हणजे? तू पळायचीस तेव्हा? सांग ना! आई म्हणते "मावशी वाऱ्यासारखी पळायची", आणि पुढे काही सांगतच नाही. भांडी आवरायला उठते.

मावशी: वारा कसला, बूट पायात राहीनात म्हणून पळायचे. तुझ्या आईचे बूट होते ते, मला दोन नंबर मोठे. पुढे कागदाचे बोळे कोंबायचे. मी आठवीत, ताई नववीत. रोज पहाटे ती माझ्याबरोबर यायची, झोपेत डुलत, अंगावर चादर घेऊन. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून तोंडाने सेकंद मोजायची. एक... दोन... तीन... आणि मी जवळ आले की हळू मोजायची, म्हणजे माझी वेळ चांगली यावी!

भाची: आई? आमची आई? जी मला पाच मिनिटं जास्त झोपू देत नाही ती?

मावशी: तीच. शेवटच्या रेघेवर आम्ही लोकरीचा लाल धागा धरायचो. म्हणजे एक टोक ताईच्या हातात, दुसरं खांबाला. आजीच्या स्वेटरचा उसवलेला धागा. छातीला लागून तो तुटला ना, की अंगावर काटा यायचा गं. मागे वळून बघावं तर ताई चादरीसकट उड्या मारतेय. एवढं मैदान, आणि त्यात आम्ही दोघीच. तशी सकाळ पुन्हा नाही आली.

भाची: मग?

मावशी: मग निवड चाचणी होती, बसने तासाभरावरच्या मोठ्या मैदानावर. जी पोरगी ठरलेल्या वेळेच्या आत येईल, तिला तिथेच ठेवून घेणार. राहणं, जेवण, शाळा सगळं तिथे, आणि सकाळ-संध्याकाळ पळायला शिकवणार. फळ्यावर मर्यादा लिहिली होती, तेरा पॉइंट चार. मी पळाले, पहिली आले. एका बाईंनी हातात चिठ्ठी दिली. त्या वर्षी नवीन घड्याळ आलं होतं, दोन आकडे दाखवणारं. चिठ्ठीवर होतं, तेरा पॉइंट पंधरा.

भाची: आणि मर्यादा तेरा पॉइंट चार?

मावशी: हो. मी धापा टाकत ताईला म्हटलं, "तेरा पॉइंट पंधरा, चालेल का?" सगळ्यांची ढकलाढकली चाललेली. ताई वर्गात पहिली यायची, तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने फळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चार हवे होते गं. तुझे पंधरा झाले." संपलं. ऐक ना, गंमत तर पुढेच आहे. आम्ही फाटकापर्यंत पोचलो, तर भोंग्यावर माझा नंबर पुकारायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. आम्हाला वाटलं, छातीवरचं नंबराचं कापड परत द्यायचं राहिलं म्हणून ओरडतायत! ताईने ते कापड सोडून फाटकाच्या खिळ्याला अडकवलं, माझा हात धरला आणि अशा पळालो बसकडे! त्या दिवशीची माझी खरी वेळ कुणी घेतली असती ना, तर... तू हसत का नाहीस?

भाची: हसतेय की.

मावशी: हे हसू? असं तोंड तू दाताच्या डॉक्टरकडे करतेस.

भाची: मावशी, मी काय म्हणते, राहू दे ना. नको घेऊस ते काम. ऊन असतं केवढं. स्टूल पण उंच असतं. पडलीस बिडलीस तर?

मावशी: आत्ता तर सगळा वर्ग आणणार होतीस!

भाची: वर्गाला सहामाही आहे. पूर्णांकच बरे असतात खरं तर. नऊशे. किती छान आकडा आहे नऊशे!

मावशी: अगं, नमनाला घडाभर तेल आणि आता पळ काढतेस? मला आत्ता कुठे गोडी लागली. ती घरं, ते नऊ जण, गळ्यात गळे. दे इकडे. माझाच आकडा घेते. तेरा पॉइंट पंधरा... नाही, सुटं म्हणायचं. तेरा पॉइंट, एक, पाच. बरोबर ना?

भाची: हो, पण दुसरा घे ना एखादा.

मावशी: अधिक. आता दोन घरं आहेत तर शंभरावा भाग मिळवायचा. शून्य पॉइंट शून्य एक. असंच ना?

भाची: ...असंच.

मावशी: शिक्षिका रुसली वाटतं. मी वाचते. तेरा पॉइंट एक सहा. एक सात. एक आठ. एक नऊ. आता दोन. बघ, नऊ जण झाले, उठले, गेले शेजारच्या घरात! तेरा पॉइंट दोन एक. दोन दोन. दोन तीन...

(फक्त बटणाचा आवाज, एकामागून एक. मग तोही थांबतो.)

मावशी: बाई.

भाची: हं.

मावशी: तेरा पॉइंट चार आलं.

भाची: हो.

मावशी: पुढे चालत गेले तेव्हा आलं. म्हणजे एक पाच अलीकडे आहे. चार पलीकडे.

भाची: हो, मावशी.

मावशी: वेळ अलीकडची म्हणजे... मी आत होते.

भाची: तू आत होतीस. भोंग्यावर त्यासाठीच बोलवत होते. मावशी, रडू नकोस ना.

मावशी: रडत नाहीये. मोजतेय. किती बटणं दाबली मी?

भाची: पंचवीस. शून्य पॉइंट दोन पाच.

मावशी: म्हणजे पाव. पाव सेकंद. पाव मला कळतो, त्याला पॉइंट लागत नाही. पाव सेकंदात किती अंतर जातं गं? ते निघतं यावर?

भाची: निघतं. थांब, आधी दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवते. शंभर मीटर भागिले तुझी वेळ, म्हणजे एका सेकंदात सात पॉइंट सहा शून्य आणि पुढे शेपूट. त्याला गुणिले शून्य पॉइंट दोन पाच. एक पॉइंट नऊ मीटर. जवळजवळ दोन. या टेबलापासून त्या दारापर्यंत.

मावशी: एक ढांग.

भाची: काय?

मावशी: पळतानाची माझी एक ढांग एवढीच होती. टेबलापासून दारापर्यंत. अख्खी एक ढांग मी आत होते.

भाची: मला इतका राग आलाय ना! आईला येऊ दे, मी आत्ताच्या आत्ता—

मावशी: काही बोलायचं नाही.

भाची: पण तिच्यामुळे बावीस वर्षं तू दुसऱ्यांसाठी रेघा मारल्यास!

मावशी: ए, मला बिचारी करू नकोस हं. सकाळी दव असताना कोऱ्या मैदानावर पहिली सरळ रेघ मारून बघ, मग बोल. मला आवडतं माझं काम. हं... पळायलाही आवडलं असतं. ते निराळं. पण नववीतली पोर होती ती. माझ्यासाठी रोज पहाटे उठणारी. आता या वयात तिला कशाला जाळायचं? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, माहीत आहे मला. हा एवढा भिजव.

भाची: आणि मॅडमचं काय? नाहीच म्हणणार?

मावशी: विचार करू दे. वाजले किती?

भाची: पावणेसहा. बघ, जिन्यात चप्पल वाजली. आईच.

आई: दार उघडंच टाकलंय! मांजर शिरलं म्हणजे मग ओरडा. आज कारखान्यात त्या कापायच्या मशीनने जीव खाल्ला नुसता, दोनशे बाह्या उलट्या. चहा केलाय का कुणी? नसेलच केला. काय गं, ही शिकली का काही? आणि तुमची तोंडं का अशी?

भाची: कशी? मस्त आहेत. मी पाणी आणते.

आई: बस खाली. मस्त म्हणे! हा कागद कसला? तेरा पॉइंट एक पाच. आणि त्याखाली तेरा पॉइंट... चार.

मावशी: सराव चालला होता, ताई. असेच आकडे.

आई: असेच नाहीत.

मावशी: ताई—

आई: हिला कळलं?

भाची: आई! म्हणजे तुला माहीत होतं?

आई: दशांश येत होते मला, वर्गात कधी चुकले नसते. पण ही धापा टाकत म्हणाली "पंधरा" आणि मी पंधराच ऐकले. बसमध्ये बसल्यावर चिठ्ठी हातात होती. तिसरा थांबा गेला आणि मला दिसलं. ही माझ्या खांद्यावर झोपली होती, बूट मांडीवर घेऊन.

मावशी: उठवायचंस.

आई: हो.

मावशी: उतरून परत गेलो असतो. भोंगा चालूच असेल तेव्हा.

आई: हो गं. वाटलं, हिला उठवलं तर ही जाईल. तिथेच राहील. आणि आपल्या खोलीत मी एकटी. मग वाटलं, उद्या सांगू. दहा दिवसांत बाबांची बदली झाली, नव्या शाळेला मैदानच नव्हतं. तरी रोज म्हणायचे, उद्या. तुला फक्कीचं काम लागलं त्या दिवशी तर घशापर्यंत आलं होतं.

मावशी: दोन मिनिटं माझ्याशी बोलू नकोस, ताई.

आई: नाही बोलत.

भाची: मावशी, पाणी घे.

मावशी: एकटीला झोप यायची नाही तुला. दिवा लावून ठेवायचीस, आणि आई ओरडायची.

आई: अजून लावते.

मावशी: ...फोन दे गं माझा. हॅलो, मॅडम? हो, मीच. घरीच आहे. विचार केला. तिसरं घड्याळ धरते मी. हो, मधली वेळ काढता येते. येते म्हणजे, आज आली. एक विचारायचं होतं. मर्यादा लिहाल तेव्हा दोन्ही घरं भरून लिहाल का? चौदा पॉइंट पाच असेल तर पाचापुढे शून्य. हो, शोभेचंच असतं ते, पण असू दे. पोरी घाईत असतात. बरं. परवा सकाळी साडेसहाला येते मी, आधी रेघा मारून घेते. ठेवते.

भाची: येस्स! मावशी! मी वर्ग आणणार, सहामाही गेली खड्ड्यात!

आई: सहामाही कुठेही जाणार नाही. ...मी आले तर चालेल का गं परवा? लांब बसेन. तुला नको असेल तर नाही येत.

मावशी: ये. पण लांब नको बसूस. मी स्टुलावर असणार, मला हलता येणार नाही. पोरी चिठ्ठ्या घेऊन फळ्यापाशी येतील, धापा टाकत. तू तिथे उभी राहा, ताई. त्यांना वाचून दाखव.